डावांची वही

दिवाळीची सुटी लागली की घराघरांत दोन आवाज हटकून ऐकू येतात. एक फटाक्यांचा, आणि दुसरा वडील मंडळींच्या तक्रारीचा. "दिवसभर त्या पडद्यापुढे डोळे फोडतोस, चार माणसे घरी आली आहेत, जरा बाहेर तर ये!" चिरंजीव 'आलो, आलो' म्हणतात आणि येत नाहीत. चहा निवतो, चकल्या मऊ पडतात, आणि आतल्या खोलीत कुठल्या तरी परमुलखातला सामना ऐन रंगात आलेला असतो.

ही तक्रार खोटी आहे असे मुळीच नाही. परंतु पडद्यावरच्या खेळात रमणारी सारीच मुले एका माळेचे मणी नसतात. बहुतेकांना जिंकावयाचे असते, आणि जिंकून झाले की पुन्हा जिंकावयाचे असते. काही थोडी मात्र अशी निघतात की, सामन्यापेक्षा सामन्याच्या पूर्वतयारीतच त्यांचा जीव अधिक रमतो. माझ्या वर्गातला एक विद्यार्थी या दुसऱ्या जातीचा. गडचिरोलीला मी मराठी शिकवितो. निबंधांच्या वह्यांच्या गठ्ठ्यात या गृहस्थांची भलतीच वही आली. पानोपानी गोल, फुल्या, बाण, आणि प्रत्येक आकृतीखाली आकडे. चक्रव्यूहावर निबंध लिहिण्याचा विचार दिसतो, असे म्हणून मी त्याला बोलावून विचारले. तो संकोचून म्हणाला, "नाही जी सर, हे फुटबॉलचे डाव आहेत. काम्प्युटरवरच्या."

"मग यातला कोणता डाव खेळलास म्हणजे जिंकतोस?"

"मी जिंकाले नाही लिवत जी. तो संघ खरोखर जसा खेळते, तसाच इथं खेळला पायजे, म्हणून लिवतो."

या उत्तराने मी थक्क झालो. जिंकण्यासाठी न खेळता खरे उतरावे म्हणून खेळणारा माणूस मी साहित्यात पाहिला होता. खेळात पाहिला नव्हता. त्या वहीचा पाठपुरावा करता करता जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवण्यासाठी हा लेख.

कोणता फुटबॉल?

प्रथम एक खुलासा. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. कोलकत्यात ज्यापायी घरेच्या घरे दुभंगतात, किंवा गोव्यात ज्याच्यासाठी लोक जेवण विसरतात, तो वेगळा. हा अमेरिकेचा. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. आणि पायापेक्षा हातांचेच काम अधिक. तरीही त्याला फुटबॉल म्हणतात.

खेळाचे मर्म थोडक्यात सांगता येते. दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. ज्याच्या हाती चेंडू, त्या संघाने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. न सरकला तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू घेऊन धावावे किंवा तो पुढच्या गड्याकडे फेकावा, हे दोन मुख्य मार्ग. प्रत्येक प्रयत्न चार-पाच सेकंदांत आटोपतो. मग सारे थांबतात, आणि पुढच्या प्रयत्नापर्यंत जास्तीत जास्त चाळीस सेकंदांचा अवकाश मिळतो.

या चाळीस सेकंदांतच साऱ्या खेळाची किल्ली आहे. आपल्या फुटबॉलमध्ये चेंडू वाहत्या पाण्यासारखा चाललेला असतो; विचार करावयाचा तो धावता धावता. अमेरिकन फुटबॉल हा बुद्धिबळासारखा थांबून थांबून चालतो. थांबा आला की योजना आली, आणि योजना आली की ती लिहून ठेवणे आले. कोणी कुठे उभे राहावे, चेंडू सुटताच कोणी कोणत्या दिशेने किती पावले धावावे, कोणी कोणाला अडवावे, हे प्रत्येक डावाचे आराखडे काढून प्रशिक्षक एक जाडजूड वही तयार करतो. तिला ते 'प्लेबुक' म्हणतात.

मराठीच्या शिक्षकाला या शब्दापाशी थोडे थांबल्यावाचून राहवत नाही. 'प्ले' म्हणजे खेळ, 'प्ले' म्हणजे खेळातला एक डाव, आणि 'प्ले' म्हणजे नाटकही. इंग्रजीत 'प्लेबुक' हा शब्द मुळात नाटकांच्या पुस्तकासाठीच होता. खेळाडूंनी तो पुढे उचलला. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पूर्वेकडच्या धानाच्या मुलखात, हे नाते समजावून सांगावे लागणार नाही. दिवाळी आटोपली की गावोगावच्या मंडया भरू लागतात, वडशाच्या नाटक मंडळ्यांच्या तारखा लागतात, आणि रात्रभर नाटक पाहणारा गाव दिवसा मैदानावर कबड्डीही पाहतो. नाटकाला संहिता लागते, तशी खेळालाही लागते, एवढेच त्या शब्दाचे म्हणणे.

आगगाडीतला हट्ट

आता ही वही पडद्यावर कशी आली, याची कथा मोठी रंजक आहे. जॉन मॅडन हा ओकलंड रेडर्स या संघाचा गाजलेला प्रशिक्षक. त्याच्या संघाने जानेवारी १९७७ मध्ये अमेरिकेचे अजिंक्यपद मिळविले. पुढे तो दूरचित्रवाणीवर समालोचन करू लागला. या धिप्पाड माणसाला विमानाची धास्ती असे. त्यामुळे तो देशभर आगगाडीने हिंडे. १९८४ मध्ये ट्रिप हॉकिन्स नावाचा तरुण उद्योजक त्याला भेटावयास त्या गाडीतच गेला. हॉकिन्सने दोन वर्षांपूर्वी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही कंपनी काढली होती, आणि त्याला संगणकावर फुटबॉल आणावयाचा होता.

अडचण अशी की, त्या काळच्या संगणकांची ताकद तुटपुंजी. अकरा विरुद्ध अकरा म्हणजे बावीस माणसे पडद्यावर हलविणे त्यांना झेपेना. तेव्हा हॉकिन्सच्या बाजूने सूचना आली की, सहा-सात जणांचा संघ करू. मॅडन अडून बसला. अकरा जण नसतील तर तो फुटबॉलच नव्हे, आणि जो फुटबॉल नव्हे त्याला मी माझे नाव देणार नाही, असा त्याचा हट्ट.

व्यवहारी माणसाने अशा वेळी मॅडनला नमस्कार करून दुसरे नाव शोधले असते. हॉकिन्स थांबला. काम वर्षानुवर्षे रेंगाळले. कंपनीतली मंडळी त्याला 'ट्रिपचा खुळेपणा' म्हणू लागली. अखेर १९८८ मध्ये ॲपल टू या संगणकासाठी तो खेळ बाजारात आला, तो अकरा-अकरा खेळाडूंसह. पुढे त्या नावाच्या आवृत्त्या वर्षामागून वर्षे निघत राहिल्या. मॅडन डिसेंबर २०२१ मध्ये, पंचाऐंशीव्या वर्षी, वारला. त्याचे नाव आजही खेळावर आहे. एका माणसाच्या 'खरे तेच हवे' या हट्टातून हा पडद्यावरचा खेळ जन्मला, हे ध्यानात ठेवले म्हणजे आमच्या विद्यार्थ्याची खटपट कोणत्या घराण्यातली आहे ते कळते.

खरेपणाची खटपट

खेळाबरोबर प्रत्येक संघाची तयार वही मिळतेच. मग मुलाने पुन्हा ती का करावी? कारण तयार कपड्यासारखी ती अंगाला कुठे सैल, कुठे घट्ट बसते. प्रशिक्षक बदलतो, हुकमी खेळाडू जायबंदी होतो, हंगामाच्या मध्यावर संघाचा सारा नूर पालटतो. आणि पडद्यावरचा संघ आपला जुन्याच चालीने चालत राहतो. म्हणून हे छांदिष्ट लोक स्वतः वही बांधावयास बसतात.

ते काम असे चालते. खऱ्या सामन्याचे चित्रण पाहावयाचे आणि प्रत्येक डाव टिपावयाचा. कितवा प्रयत्न होता, किती यार्ड हवे होते, खेळाडू कोणत्या रचनेत उभे होते, धावले की फेक केली, डावीकडे गेले की उजवीकडे. एका सामन्यात एक संघ साठ-पासष्ट डाव खेळतो. हंगामात प्रत्येक संघाचे सतरा सामने. म्हणजे एका संघाचा वर्षाचा हिशेब हजार डावांच्या घरात जातो. या टिपणातून संघाच्या सवयी हळूहळू वर येतात. पहिल्या प्रयत्नाला हा संघ बहुधा धावतो. तिसऱ्या प्रयत्नाला लांब अंतर उरले की अमक्याच गड्याकडे पाहतो. आघाडीवर असला की घड्याळाशी खेळतो, पिछाडीवर पडला की धीर सोडून लांब फेका करतो.

मग वहीतली छाटणी. जे डाव तो संघ कधी खेळत नाही ते काढून टाकावयाचे. जे वारंवार खेळतो ते नेमून द्यावयाचे. काही आवृत्त्यांत प्रत्येक प्रसंगासाठी डावांना कमी-अधिक पसंती लावून ठेवता येते, म्हणजे संगणक स्वतः खेळू लागला तरी त्या संघाच्या स्वभावाने खेळतो.

खरी कसोटी येथेच लागते. कोणत्याही संगणकी खेळात दोन-चार डाव असे सापडतात की ते संगणकाला उमगतच नाहीत. तेच ते वापरले की विजय ठरलेला. सामान्य खेळाडू असा डाव सापडताच हर्षाने नाचतो. खरी वही बांधणारा तो डाव कठोरपणे खोडतो, कारण तो संघ प्रत्यक्षात तसा खेळत नाही. काही जण त्याहून पुढे जातात. ते बत्तीसही संघांचा कारभार आपल्या हाती घेऊन प्रतिस्पर्ध्यांच्या वह्यासुद्धा तितक्याच निष्ठेने दुरुस्त करतात. आपल्याला हरविणाऱ्याचे शस्त्र रात्र जागून पाजळून ठेवणारा हा शत्रू मला तरी दुसऱ्या कोठल्या क्षेत्रात आढळलेला नाही.

चांगला चरित्रकार याहून वेगळे काय करतो? नायकाचे गुण लिहिणे सोपे. तो कोठे नेहमी घसरतो, हे प्रेम न सोडता लिहिणे अवघड. संघाची खरी वही ही त्या संघाच्या पराभवांचीही वही असते.

दुबळ्या दंडाची विद्या

अशा वहीत केवढे सामर्थ्य असते, याचे एक उदाहरण त्या देशाच्या इतिहासातच आहे. सिनसिनाटी बेंगल्स या नव्या संघाकडे १९६९ मध्ये ग्रेग कुक नावाचा तरुण आला. त्याचा हात असा की चेंडू लांबवर बाणासारखा जावा. पहिल्याच हंगामात त्याचा खांदा दुखावला, आणि तो पुढे जवळजवळ खेळूच शकला नाही. त्याच्या जागी व्हर्जिल कार्टर आला. नेम अचूक, डोके शांत, पण दंडात जोर बेताचा. लांब फेकीच्या डावांची वही त्याच्या हाती देणे म्हणजे वामनमूर्तीला भीमाची गदा देणे.

बिल वॉल्श हा त्या वेळी तेथे साहाय्यक प्रशिक्षक होता. त्याने कार्टरला बदलण्याच्या भानगडीत न पडता वही बदलली. मैदान लांबीला शंभर यार्ड, तसे रुंदीलाही त्रेपन्न यार्ड आहे, हे लक्षात घेऊन त्याने आखूड, नेमक्या वेळी सुटणाऱ्या, आडव्या अंगाने जाणाऱ्या फेकींचे डाव रचले. १९७० च्या हंगामात तो संघ पहिल्या सातांपैकी सहा सामने हरला, आणि नंतरचे सातही जिंकून आपल्या गटात पहिला आला. पुढे १९७९ पासून वॉल्शने हीच विद्या सॅन फ्रान्सिस्कोला नेली, आणि त्याच्या संघाने १९८१, १९८४ व १९८८ या हंगामांची अजिंक्यपदे पटकाविली. सामन्यापूर्वीच पहिले पंधरा-वीस डाव क्रमाने लिहून ठेवण्याची त्याची पद्धतही प्रसिद्ध आहे. सामन्याच्या गदारोळात सुचत नाही, म्हणून शांतपणी सुचलेले हाताशी असावे, हा त्यातला हेतू.

आपल्याकडे काय आहे ते खरेपणाने मांडले, तर उणिवेतूनही पद्धत निर्माण होते. हा धडा फुटबॉलपुरता नाही. घरात चार मुले असतील तर चौघांना एकच वही लावणाऱ्या आई-वडिलांनीही तो वाचावा.

आपली वही कोठे आहे?

येथवर आलो म्हणजे साहजिकच प्रश्न पडतो की, परक्यांच्या डावांचे एवढे कौतुक. आपल्या खेळांत डाव नाहीत काय? आहेत, आणि ते विपुल आहेत.

खो-खोच घ्या. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बांधले. वरवर पाहता हा पळापळीचा खेळ. पण पळणारा कधी एकेरी साखळी धरतो, म्हणजे बसलेल्या एकेका गड्यामधून नागमोडी जातो. कधी दुहेरी साखळी, म्हणजे दोन-दोन गड्यांना वळसा. कधी मैदानाचा एक भाग धरून गोल फिरतो. पाठलाग करणाऱ्याला एकदा धरलेली दिशा खांबापर्यंत सोडता येत नाही, आणि मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला दोन्ही मोकळीक. या असमान करारातच साऱ्या युक्त्या भरल्या आहेत. पळणारे तिघा-तिघांच्या तुकड्यांनी उतरतात. पहिल्या तुकडीत कोणाला धाडावे, दमदार पळणारा मागे राखून ठेवावा काय, खो कधी द्यावा आणि कधी हूल द्यावी, हे सारे लिहिण्यासारखे आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत विजयी ठरला, आणि दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राकडे होते: प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे.

कबड्डीची गोष्ट तीच. विदर्भाला तर तिचा अभिमान असावयास हवा. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके तेथे दाखविली, त्यांत कबड्डी होती. तीस सेकंदांची एक चढाई म्हणजे एक पूर्ण डाव. सहा किंवा अधिक बचावपटू असतील तरच बोनस रेषेचा गुण. तीन किंवा कमी उरले असता पकड झाली तर बचावाला जादा गुण. लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या तर तिसरीला गुण घ्यावा किंवा बाद व्हावे. प्रत्येक नियमामागे एकेक निर्णय उभा आहे, आणि प्रत्येक निर्णयाला एकेक सवय चिकटलेली आहे.

हे ज्ञान आमच्या गावोगाव भरलेले आहे, पण ते माणसांच्या डोक्यात आहे. अमक्या गावचा डावा कोपरा घोट्याला हात घालतो. तमक्याचा चढाईपटू दम संपत आला की उजवीकडूनच परततो. ही साखळी पावसाळी मातीत धरावी, ती कोरड्या मातीत. पारावर बसलेला म्हातारा गडी हे सारे सांगतो, ऐकणारे मान डोलावतात, आणि तो गेला की ते त्याच्याबरोबर जाते. आता खेळ मातीवरून मॅटवर आला. २०१४ पासून प्रो कबड्डीने तो घरोघरच्या दूरचित्रवाणीवर नेला. त्या खेळाडूंच्या दिमतीला टिपणे काढणारी माणसे आहेत. गावच्या संघाच्या दिमतीला कोण आहे?

मी हाच प्रश्न वहीवाल्या विद्यार्थ्याला केला. तो काही बोलला नाही. परंतु गेल्या हिवाळ्यात गावच्या स्पर्धेत तो कुंपणाशी वही घेऊन बसला. पोरांनी आधी थट्टा केली; एकाने तर 'तलाठी आला' असे नाव ठेवले. तीन सामन्यांच्या टिपणानंतर त्याने आपल्याच संघाच्या कर्णधाराला एक पान दाखविले. अटीतटीच्या तिसऱ्या चढाईला त्यांचा हुकमी गडी जवळजवळ दर वेळी डावीकडेच शिरत होता, आणि प्रतिपक्षाने ते केव्हाच ओळखले होते. कर्णधार रागावला. म्हणाला, "आमचा गडी का आम्हाले माहीत नाही?" तो हुकमी गडी मात्र शेजारी उभा होता. त्याने पान हातात घेतले, बोटाने एकेक फुली मोजली, आणि हळूच विचारले, "उजवीकडून किती डाव गेलो म्या?"

पान कोरे होते. पुढच्या सामन्यात तो उजवीकडून दोनदा गेला. एकदा गुण घेऊन आला, एकदा पकडला गेला. चमत्कार असा काही झाला नाही. पण त्या संघात आता वही असते, आणि तिच्यात पकडले गेलेल्या चढाईचीही फुली असते.

आई-वडिलांना माझी विनंती एवढीच की, मुलगा पडद्यापुढे बसला आहे एवढ्यावरून निकाल देऊ नये. तो तेथे काय करतो आहे हे एकदा शेजारी बसून पाहावे. नुसता जिंकत असेल तर खुशाल उठवावे. चकल्या खरोखरच मऊ पडतात. पण तो टिपत असेल, मोजत असेल, आणि आपल्याला सोयीचे ते खोडून खरे ते ठेवीत असेल, तर त्याला एक कोरी दोनशे पानी वही आणून द्यावी, आणि थंडी पडली की जवळच्या मैदानावर न्यावे. खो-खो असो, कबड्डी असो, की गल्लीतला क्रिकेटचा डाव असो. पहिल्या पानावर तारीख, गाव आणि दोन्ही संघांची नावे लिहावीत. दुसऱ्या पानापासून जे दिसेल ते लिहावे, आणि पारावरच्या म्हाताऱ्या गड्याला शेजारी बसवून घ्यावे. तो सांगेल, लिहून घेणारा हवा आहे.